पावती आणि झोळी

आम्ही कारकून माणसं. दुसऱ्यांच्या पैशांच्या बेरजा करण्यात बावीस वर्षं गेली, त्यामुळे दिसेल ते दोन रकान्यांत मांडायची खोड लागली आहे. गेल्या वर्षी एका सोमवारी घरापासून भाईंदर स्टेशनच्या जिन्यापर्यंत माझ्याकडे कोणी काय मागितलं, याची मी खतावणी ठेवली. अंतर बारा मिनिटांचं. नोंदी अकरा.

मंडळाच्या पोरांनी वर्गणी मागितली. चौकातल्या फलकावर हात जोडून उभ्या असलेल्या भावी नगरसेवकांनी आशीर्वाद मागितले. गळ्यात पट्टा अडकवलेल्या एका तरुणाने ‘सर, एकदा साइट तर बघा’ म्हणून माझी पुढली वीस वर्षं हप्त्यानं मागितली. क्लासवाल्याने मुलीचं भवितव्य मागितलं. दोन रिक्षावाल्यांनी मला स्वतःलाच मागितलं, आणि त्यावरून त्यांच्यात जुंपली. छत्रीखाली बसलेल्या एकाने आधार कार्ड मागितलं, रक्तदान शिबिरवाल्यांनी रक्त मागितलं, जीर्णोद्धाराच्या पेटीनं न बोलता मागितलं. पुलाखाली एक अंध जोडपं पेटी वाजवून गात होतं, त्यांना चिल्लर हवी होती. आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच्या म्हातारीने एक रुपया मागितला.

रकमेनं पाहिलं तर सगळ्यांत महाग मागणी साइटवाल्याची आणि सगळ्यांत स्वस्त म्हातारीची. रक्त मागणारे मधे कुठंतरी. पण कायद्याची वही उघडली तर हिशेब नेमका उलटा होतो. या सगळ्या मंडळींत पोलिसानं वॉरंटाशिवाय उचलावा असा गुन्हा फक्त शेवटच्या दोन नोंदींचा.

होय, असा कायदा आहे. मुंबई राज्याचा भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. बी. कॉम.ला मर्कंटाइल लॉच्या पेपरात मला एक्केचाळीस मार्क होते, तेव्हा कायदा वाचण्याचा अधिकार मला आहेच. आमच्या बँकेच्या कायदा अधिकाऱ्यांच्या खोलीत जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मी तो वाचला, आणि शेवटी डबा बाजूला राहिला.

हा कायदा वयानं महाराष्ट्रापेक्षा मोठा. १९५९ साली ठरला, १९६० सालचा दहावा कायदा म्हणून लागला, आणि १ मेला राज्याची वाटणी झाली तेव्हा भांडीकुंडी वाटून घ्यावीत तसा दोन्ही भावांच्या वाट्याला आला. पुढं दिल्लीनंही तो उसना नेला. मुंबईची वस्तू चांगलीच असणार, ही समजूत त्या काळी सर्वत्र होती.

कायद्यातली भिकेची व्याख्या मोठी बहारीची आहे. सार्वजनिक जागी भीक मागणं ही तर भीक आहेच, पण गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं किंवा एखादी वस्तू विकायला पुढं करणं, अशा कोणत्याही सबबीखाली मागितलं तरी ती भीकच. मागितलं नाही, नुसतं घेतलं, तरी भीक. व्रण, जखम किंवा व्यंग दाखवून मागणंही त्यात आलं, मग ती जखम माणसाची असो की जनावराची. म्हणजे पाच पायांची गाय घेऊन दारोदार हिंडणाऱ्याचीही सोय झाली.

आता महाराष्ट्रातल्या माणसानं ही यादी डोळे मिटून एकदा म्हणावी. गाणारा कोण? वासुदेव. नाचणारा? पोतराज, अंगावर आसूड ओढून घेणारा. भविष्य सांगणारा? पिंगळा, नंदीबैलवाला. खेळ करणारा? डोंबारी, बहुरूपी. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आपण ज्यांच्या मातीच्या बाहुल्या मांडून ठेवतो, त्या सगळ्यांना या कलमानं एका ओळीत उभं करून टाकलं आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मोरपिसांची टोपी घालून आमची मुलगी वासुदेव झाली होती, तेव्हा तिला बक्षीस मिळालं. खऱ्या वासुदेवानं तेच रस्त्यावर केलं तर ती सबब.

पण या व्याख्येतलं मला सगळ्यांत आवडलेलं पोटकलम निराळंच आहे. ज्याच्यापाशी उपजीविकेचं दिसण्यासारखं काही साधन नाही, आणि जो सार्वजनिक जागी अशा रीतीनं भटकतो किंवा थांबतो की हा मागूनच जगत असावा असं वाटावं, तोही भिकारी. मागायचीसुद्धा गरज नाही. तसं दिसलं की पुरे. रविवारी सकाळी दाढीचे खुंट वाढलेले, लुंगीवर कळकट शर्ट, हातात पिशवी, अशा थाटात मी मच्छीबाजाराबाहेर सुरमईचा भाव उतरण्याची वाट बघत उभा असतो. माझ्या उपजीविकेचं साधन बँकेत आहे, ते तिथून दिसत नाही. सौ.चं मत असं की ते घरातही फारसं दिसत नाही.

हे ‘दिसण्यासारखं साधन’ आलं इंग्लंडातून. नेपोलियनशी चाललेली युद्धं संपल्यावर तिकडं बेकार सैनिक आणि बेघर माणसं रस्तोरस्ती हिंडू लागली, तेव्हा १८२४ साली त्यांनी भटक्यांविरुद्ध कायदा केला. आपल्याला वाटतं, पुढं साहेब इकडे आला तेव्हा त्याला आपल्या भिकाऱ्यांचा उपद्रव झाला असेल. तसं नव्हे. त्याला आधी अडचण झाली ती स्वतःच्या भिकाऱ्यांची! जहाजावरून उतरलेले खलाशी, रेल्वेच्या कामावरून सुटलेले गोरे, पलटणीतून नाव कमी झालेले सोल्जर मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांवर दारूला पैसे मागत हिंडू लागले. राज्यकर्त्याच्या कातडीचा माणूस नेटिवापुढं हात पसरतो म्हणजे काय! म्हणून १८६९ साली, आणि मग सुधारून १८७४ साली, खास युरोपियन भटक्यांचा कायदा झाला. अशा गोऱ्याला धरायचं, वर्कहाउसमध्ये ठेवायचं, काम बघायचं, नाहीच जमलं तर बोटीत बसवून परत पाठवायचं. नेटिव भिकारी मात्र बराच काळ मोकळा राहिला. त्याला बोटीत बसवून पाठवणार कुठं?

त्याची पाळी आली १९४५ साली, मुंबई प्रांताच्या भिकारी कायद्यात. आणि स्वातंत्र्यानंतर आपण तो मोडला, तो अधिक मोठा करण्यासाठी. घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र आणि राज्य या दोघांच्या सामाईक यादीत पंधरावी नोंद आहे. भटकेगिरी, आणि भटक्या व स्थलांतर करणाऱ्या जमाती. दोन्ही एकाच ओळीत, मधे फक्त एक अर्धविराम. खातेवहीत दोन वेगळी खाती एका पानावर घेतली की पुढं घोटाळा होतो, हे आमच्याकडे शिकाऊ उमेदवारालाही ठाऊक असतं.

बरं, मागणं हे आपल्याकडे कधी लाजेचं होतं का? मुंजीत भिक्षावळ असते. पैठणी नेसलेल्या मावश्या रांगेनं उभ्या राहून बटूच्या झोळीत लाडू घालतात आणि फोटोग्राफर ‘मावशी, जरा इकडे बघा’ म्हणतो. गरिबाच्या पोरानं माधुकरी मागून शिकावं, हे तर विद्वत्तेचं पहिलं प्रमाणपत्र होतं. समर्थांनी दासबोधात चौदाव्या दशकातला अख्खा एक समास भिक्षेला दिला आहे. भिक्षेच्या निमित्तानं माणसं पारखता येतात, गावोगाव ओळखी होतात, असा त्यांचा व्यवहारी हिशेब. आजच्या भाषेत त्याला मार्केट सर्व्हे म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर मागण्याचा सुकाळच होता. अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरले. त्यातून पैसा फंड उभा राहिला, लोकमान्यांचा त्याला पाठिंबा मिळाला आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्याच वर्षी पणजीत मूठ मूठ तांदूळ गोळा करून शाळेची संस्था झाली, तिचं नावच मुष्टिफंड. अण्णासाहेब कर्वे हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार पायपीट करीत. या तिघांवर एखाद्या हवालदारानं भिकेचं कलम लावलं असतं तर आज पुण्यात त्या हवालदाराचा निषेध करणारी संस्था निघाली असती, आणि तिनंही वर्गणी मागितली असती.

कायदा करणाऱ्यांनाही हे सुचलं असावं. म्हणून त्यांनी व्याख्येच्या शेवटी एक सुटका ठेवली. कायद्यानं मान्य केलेल्या किंवा ठरवून दिलेल्या पद्धतीनं परवानगी मिळालेल्या कामासाठी पैसा, अन्न किंवा भेट मागितली तर ती भीक नव्हे. पावतीपुस्तक असेल तर मागा. पाचशे लोकांसाठी मागा, मंडपासाठी मागा, लाउडस्पीकरसाठी मागा. फक्त स्वतःच्या पोटासाठी मागू नका, कारण पोटाचं रजिस्ट्रेशन झालेलं नसतं.

वस्तू विकण्याच्या सबबीचा मामला तर याहून नाजूक. १९८९ साली दिल्लीच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रस्त्यावर माल विकणं हासुद्धा व्यवसायाच्या मूलभूत हक्कातच येतो, वाजवी बंधनं घाला, पण हक्क आहे. २०१४ साली तर पथविक्रेत्यांसाठी संसदेनं कायदाच केला. आता लोकलमध्ये एक आजी सेफ्टीपिनांचे पत्ते विकते. तिच्या मनात विक्री असेल तर तो मूलभूत हक्क, आणि मनात मागणं असेल तर तीच सेफ्टीपिन ही सबब. हवालदारानं तिच्या मनात शिरायचं कसं? मी तिच्याकडून घेतो म्हणून आमच्या घरात सेफ्टीपिनांचा साठा इतका झाला आहे की सौ. विचारते, ‘तुम्ही पिना आणता की पुण्य?’

यावर आमच्या स्वतःच्या धंद्याबद्दल दोन शब्द बोलणं भाग आहे. वर्षातून दोनदा आमची शाखा रस्त्यावर येते. फुटपाथवर रंगीत छत्री, खाली घडीचं टेबल, टेबलामागं मी. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक घालायची. ‘साहेब, बचत खातं? ताई, आवर्त ठेव?’ माणसं जशी टाळतात ना, तो एक शास्त्रीय अभ्यासाचा विषय आहे. कोणी एकदम मोबाईल कानाला लावतं, कोणाला समोरच्या इमारतीचं बांधकाम आवडायला लागतं, कोणी हात उंचावून ‘पुढं जा’ अशी खूण करतं. बसल्या जागेवरून मी पुढं कुठं जाणार? गेल्या मार्चात माझ्या टेबलापासून आठ फुटांवर एक पांगळा गृहस्थ पथारी टाकून बसत असे. चार दिवसांत मला नऊ खाती मिळाली. त्याचा धंदा बरा होता. चौथ्या दिवशी त्यानं मला फार मायेनं सांगितलं, ‘साहेब, तुम्ही डोळ्यात बघून मागत नाही.’

दोघंही एकाच फुटपाथवर, दोघंही येणाऱ्याजाणाऱ्याकडे पैसे मागत होतो. उन्हाचं म्हणून मला बँकेकडून ताक होतं. त्याला धरला असता तर संक्षिप्त चौकशी, आणि भीक मागत होता असं ठरलं तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृह. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. मोठ्या कर्जदारानं थकवलं तर आम्ही आधी नोटीस पाठवतो, मग चहाला बोलावतो, मग व्याज सोडून तडजोड करतो. दहा वर्षांची गोष्ट सहसा निघत नाही.

भिक्षेकरी गृहात कामाचा मोबदलाही मिळे. तो आकडा मी दोनदा तपासून पाहिला. महिन्याला पाच रुपये. १९६४ पासूनचा हा दर, दरम्यान आमच्या महागाई भत्त्याचे किती करार झाले ते देवाला ठाऊक. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळानं तो दिवसाला चाळीस रुपये करायचं ठरवलं. पाच रुपयांच्या दरानं तीन वर्षं राहून सुटणाऱ्याच्या हाती एकशेऐंशी रुपये पडत. बाहेर म्हातारी एक रुपया मागत होती म्हणून तिला धरायचं आणि आत सरकारनं तिला दिवसाला सतरा पैसे द्यायचे, याला उत्पन्नाचा प्रश्न सोडवणं म्हणतात.

या सगळ्यात बोलण्याचं स्वातंत्र्य कुठून आलं? ते आणलं दिल्लीच्या एका न्यायमूर्तींनी. २००६ सालच्या अखेरीस न्या. बदर दुरेझ अहमद यांच्यापुढं भीक मागताना धरलेल्या एका माणसाचं प्रकरण आलं. त्यांनी आधी वर्गवारी केली. आळशी, व्यसनी, टोळीनं बसवलेला, आणि खरोखरच उपाशी. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचा मथितार्थ असा : मी उपाशी आहे, हे उपाशी माणसानं आपल्यापेक्षा बऱ्या स्थितीतल्या माणसाला सांगायचं नाही का? आणि ते सांगणं हे घटनेच्या एकोणिसाव्या कलमातलं भाषणस्वातंत्र्य नव्हे का?

मी हे वाचून थांबलो. एकोणिसावं कलम म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं संपादक येतात, नाटककार येतात, मैदानातली सभा येते. ‘दे माय’ हे दोन शब्द म्हणजे भाषण, असं कधी मनात आलं नव्हतं. आणि खरं तर त्या म्हातारीचं सगळं भाषण तेवढंच आहे. दिवसभर तेच, एकही शब्द वाढवलेला नाही. आमच्या चेअरमनसाहेबांनी वार्षिक सभेत शिकण्यासारखं आहे.

न्यूयॉर्ककरांनीही या प्रश्नावर डोकं खाजवलं आहे. १९९० साली तिथल्या संघराज्य अपील न्यायालयानं सांगितलं की भुयारी रेल्वेत भीक मागणं ही वर्तणूक आहे, भाषण नव्हे. १९९३ साली त्याच न्यायालयानं सांगितलं की रस्त्यावर भीक मागणं हे भाषण आहे. संस्थेनं धर्मादाय कामासाठी मागितलं तर त्याला संरक्षण, मग माणसानं स्वतःसाठी मागितलं तर का नाही, असा त्यांचा सवाल. म्हणजे एकच वाक्य जिन्याखाली वर्तणूक आणि जिन्यावर आलं की भाषण. भाईंदरच्या म्हातारीला तिसऱ्या पायरीवर बसण्याचा सल्ला कोणी दिला असेल, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे.

जिनिव्हाचा हिशेब तर कारकुनानं जपून ठेवावा असा आहे. तिथं एका निरक्षर, गरीब रुमानियन बाईला भीक मागितल्याबद्दल पाचशे फ्रँक दंड झाला. तिच्याजवळचे सोळा फ्रँक पंच्याहत्तर सेंटिम जप्त झाले. दंड भरता येईना म्हणून पाच दिवस तुरुंग. २०२१ च्या जानेवारीत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं स्वित्झर्लंडला चुकीचं ठरवून तिला ९२२ युरो द्यायला लावले. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत बँकांच्या गावानं सोळा फ्रँकांसाठी एवढा तोटा सोसावा, हे आमच्या ऑडिटरनं कधीच मंजूर केलं नसतं. मात्र भाषणस्वातंत्र्याच्या प्रश्नात त्या न्यायालयानं शिरायचं टाळलं. माणसाची प्रतिष्ठा आणि खाजगी आयुष्य एवढ्यावरच निकाल दिला.

आपल्याकडे ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं, न्या. गीता मित्तल आणि न्या. सी. हरिशंकर यांनी, मुंबईहून उसना नेलेला हा कायदा दिल्लीपुरता बहुतेक सगळा रद्द केला. माणूस हौसेनं भीक मागत नाही, सरकारला त्याला अन्न, निवारा देता आला नाही तर त्याची शिक्षा त्यालाच का, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याचं अकरावं कलम तेवढं त्यांनी शिल्लक ठेवलं, आणि ते ठीकच झालं. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयानं तिकडचा तसाच कायदा मोडीत काढला. मागणं हे सांगणंच आहे, हेही त्यात आलं. २०२१ च्या जुलैत करोनाच्या निमित्तानं भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा म्हणून कोणी सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा असा उच्चभ्रू दृष्टिकोन आम्ही घेणार नाही, असं न्यायमूर्तींनी सुनावलं.

उसना माल घेणाऱ्यानं फेकून दिला. मूळ मालक मात्र अजून तो वापरतो. महाराष्ट्रात कायदा उभा आहे, मुंबईच्या नावाऐवजी महाराष्ट्राचं नाव लावून. चेंबूरला भिक्षेकरी गृहही आहे.

दिल्लीच्या निकालाआधी पाच आठवडे, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून जगणारा समाज. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असा निरोप त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होता. जमावानं त्या पाचांना ठार मारलं. तिथं कोणी कायद्याचं पुस्तक उघडलं नव्हतं. फक्त पाच अनोळखी माणसं होती, उपजीविकेचं दिसण्यासारखं साधन नसलेली.

तोच निरोप त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता, खाली सहा जणांनी हात जोडलेले. मग गेटवर पाटी लागली : ‘भिकारी व फेरीवाल्यांस सक्त मनाई’. वार्षिक सभेत मी उठून विचारलं की वासुदेव आला तर तो कशात धरायचा? सेक्रेटरी म्हणाले, त्याच्याकडे पावतीपुस्तक आहे का? मी कायद्याचं चौथं कलम सांगितलं. खाजगी आवारात मागणाऱ्याला रहिवाशानं तक्रार केल्याशिवाय पोलीससुद्धा धरू शकत नाहीत, म्हणजे निर्णय कायद्यानं आपल्यावरच टाकलेला आहे. तक्रार कोण करणार, त्यांनी हात वर करावा. हात कोणी वर केला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘अरे, तो सकाळी येतो तेव्हा माझी आंघोळ झालेली नसते, त्याला जरा साडेसातला यायला सांगा.’ विषय पुढल्या सभेवर ढकलला गेला आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली. पाटी आहे तशीच आहे.

मार्गशीर्षात तो आला. वॉचमन नवीन, उत्तर प्रदेशातला, त्यानं नियमाप्रमाणं आगंतुकांची वही पुढं केली. नाव, गाडी क्रमांक, कोणत्या फ्लॅटमध्ये, कामाचं स्वरूप. वासुदेवानं चिपळ्या काखेत धरून मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. गाडी क्रमांकापुढं रेघ. फ्लॅटच्या रकान्यात ‘सर्व’. आणि कामाचं स्वरूप या रकान्यात त्यानं लिहिलेलं मी संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिलं. तिथं लिहिलं होतं, ‘सांगणे’.